मदत हवी आहे: ॲक्सेसचा फॉर्म कोऱ्या रकान्यावर अडतो, पोरं टिंब टाकून पुढे जातात

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमची शेतकरी कंपनी आहे, कापूस खरेदीची नोंद ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) करतो. वर शेतकऱ्याचा फॉर्म, खाली सबफॉर्ममध्ये (त्याच फॉर्ममधला आतला फॉर्म) काटापट्टी नंबर अन् वजन. गट नंबर, मोबाईल, आयएफएससी (बँक शाखेचा कोड) हे तिन्ही टेबलातच रिक्वायर्ड केले आहेत, म्हणजे भरल्याशिवाय नोंद सेव्ह होत नाही.

आता होतं काय, गाडी काट्यावर उभी, मागं बैलबंड्यांची रांग, अन् भाऊ म्हणतात पासबुक घरीच राहिलं. पोरगं नाव टाकून खाली वजनावर क्लिक करतं की एरर 3314 ची, रकाना कोरा आहे सांगणारी इंग्रजी पाटी. ओके दाबा, पुन्हा क्लिक करा, पुन्हा तीच. दोनदा एस्केप दाबलं तर टाकलेलं नावही गेलं. मग त्यानं शोधलं टिंब! काल पेमेंटची यादी काढली तर 41 जणांचा आयएफएससी नुसता टिंब, एकाचा 'नाही'.

रिक्वायर्ड काढून पाहिलं, तर गट नंबरही कोरे यायला लागले. सबफॉर्मच्या बिफोर अपडेटमध्ये (सेव्ह होण्याआधी चालणारा कोड) तपासणी लिहिली, ती चालतच नाही. मराठीत पाटी कशी आणू?

---

उत्तर 1: दादा, सबफॉर्मवर क्लिक केलं की ॲक्सेस वरची नोंद आधी सेव्ह करतो, तुमचा कोड त्यानंतरचा. तपासणी वरच्या फॉर्मच्या बिफोर अपडेटमध्ये घ्या. रकाना कोरा असेल तर मराठी मेसेज बॉक्स, कॅन्सल ट्रू (सेव्ह थांबतो), अन् त्याच रकान्यावर सेटफोकस (कर्सर तिथं जातो). तरी 3314 आलीच तर फॉर्मच्या एरर इव्हेंटमध्ये पकडा.

पण माझं मत विचाराल तर काट्यावर आयएफएससी मागताच कशाला? तो पेमेंटला लागतो. त्याचं रिक्वायर्ड काढा, टिंबं अपडेट क्वेरीनं नल (म्हणजे कोरी) करा, कोरे असलेले पेमेंटच्या यादीतून वेगळे काढा. व्हॅलिडेशन रूल मात्र लावा: कोरा चालेल, भरला तर 11 अक्षरी, पहिली 4 इंग्रजी अक्षरं, पाचवं शून्य. टिंब तिथंच अडेल.

---

धागाकर्ता: जमलं भाऊ! गट नंबरवर आता मराठीत थांबतो, आयएफएससी कोरा ठेवून वजन होतं. सकाळपासून एक टिंब नाही. फक्त मोबाईलच्या रकान्यात सात शेतकऱ्यांपुढं एकच नंबर दिसतोय, अन् तो आमच्या पोराचाच आहे. याला काय लावू?