जेवणातला चोथा आणि रक्तातली साखर: तुमचे अनुभव लिहा

मुग्धा_के
सकाळी मोठ्या जाऊबाईंचा फोन. मधुमेह निघालाय. "आता मी खाऊ तरी काय?" अगदी हेच बाबा म्हणाले होते. त्यांना डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर फायबर, म्हणजे चोथा, वाढवायला सांगितलं होतं. आईने भात बंद नाही केला, निम्मा केला. त्या जागी शिजवलेली कडधान्यं आणि भाजी. फळांचा रस बंद, फळ सालासकट. बाबा चवळीचे दाणे बोटाने ताटाच्या कडेला सारायचे, आई चमच्याने परत मधे. जेवणानंतर दोन तासांचा आकडा हळूहळू उतरायला लागला आणि मग तेच मागून घ्यायला लागले. तुमच्या घरी काय उपयोगी पडलं? जाऊबाईंना वाचून दाखवणार आहे.

चिंचोका
गॅस!! एकदम वाढवू नका म्हणावं. आमच्याकडे घरभर पोटं फुगली होती. थोडं थोडं वाढवायचं, पाणी भरपूर प्यायचं. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, बराच फरक पडतो.

सांजवात
आधी भाजी, मग डाळ, भात शेवटी. पदार्थ तेच, क्रम बदलला, तरी ह्यांची जेवणानंतरची साखर कमी चढते.

पांथस्थ
ओट्स, डाळी, सफरचंद, इसबगोल यातलं विरघळणारं फायबर पोटात बुळबुळीत होतं, म्हणून साखर रक्तात सावकाश मिसळते. कोंड्यातलं मुख्यतः पोट साफ ठेवायला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्यांना दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगितलंय. इसबगोल आणि गोळ्या एकत्र नकोत, मधे किती वेळ सोडायचा ते डॉक्टरांना विचारा.

रेवा२
पोट साफ! सासूबाईंना हे एकच कारण पुरे 😀

ओवी
काका इन्सुलिनवर आहेत. भात कमी केला, काकडी-गाजर वाढवलं, डोस मात्र तोच. संध्याकाळी दरदरून घाम, हात थरथरताहेत, मीटरवर साखर ६२, फारच कमी. लगेच साखरपाणी दिलं, सावरले. मुग्धा, जाऊबाईंना कोणती गोळी चालू आहे ते आधी बघ. काही गोळ्यांनीही साखर अशी फार खाली येते. जेवण बदलायच्या आधी डॉक्टरांशी बोला, प्लीज.

मुग्धा_के
बापरे ओवी. आता कसे आहेत काका? गोळीचं नाव आजच विचारते.

ओवी
छान आहेत गं. डोस कमी केला डॉक्टरांनी.

कोरा_कागद
माझ्या बहिणीचा मधुमेह जुना. पोट सावकाश रिकामं होतं, जेवण तासन्‌तास तसंच राहतं. तिला उलट फायबर कमी ठेवायला सांगितलंय. सगळ्यांना एकच माप नाही लागत.

चिंचोका
आणि मल्टीग्रेन लिहिलंय म्हणून पाकीट उचलू नका. मागे १०० ग्रॅमला फायबर किती ते वाचा. ६ किंवा त्याहून जास्त असेल तर खरं.

सांजवात
सासऱ्यांना चावत नाही हो. कवळी सैल झालीय. सगळं मिक्सरमधून काढते.

कोरा_कागद
डाळी, भोपळा मऊ शिजवून द्या ना, तेही चालतं. आणि कवळी दाखवून घ्या. हिरड्या आक्रसतात, आतून नवा थर देऊन बसवून देतात.

सांजवात
हो का? मला वाटलं नवीनच करावी लागेल. उद्याच फोन लावते.