आयटूपी बसवले, पण ब्राउझर म्हणतो ‘प्रॉक्सी सर्व्हर जोडणी नाकारत आहे’

प्रश्न
विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर मी नुकतेच आयटूपी (ओळख लपवून वापरायच्या खासगी जाळ्याचे सॉफ्टवेअर) बसवले आहे. १२७.०.०.१:७६५७ वर राउटर कन्सोल (आयटूपीचे नियंत्रण-पान) व्यवस्थित उघडतो आणि त्यात जोडलेले पीअरही (जाळ्यातले इतर संगणक) दिसतात. फायरफॉक्समध्ये एचटीटीपी प्रॉक्सी (ब्राउझर आणि आयटूपी यांच्यातला मध्यस्थ) म्हणून १२७.०.०.१, म्हणजे हाच संगणक, आणि पोर्ट (प्रोग्रॅम जोडणी स्वीकारतो तो क्रमांक) ४४४४ भरले आहे. तरीही संध्याकाळी कोणताही आयटूपी पत्ता उघडायला गेल्यास वरील संदेश येतो. दिवसा कामाच्या वेळेत मात्र तोच पत्ता टाकल्यावर हा संदेश न येता महिरपी कंसांतला काहीतरी तांत्रिक मजकूर दिसतो, ज्यात ‘अननोन कमांड’ असे शब्द असतात. फायरवॉल तात्पुरता बंद करून पाहिला, फरक पडला नाही. सगळे काढून पुन्हा बसवावे का?

उत्तर १
पुन्हा बसवण्याची घाई करू नये. ‘जोडणी नाकारली’ याचा अर्थ त्या पोर्टवर ऐकणारे कोणीही नाही. तुमची विनंती संगणकाबाहेर पडलेलीच नसते, त्यामुळे इंटरनेट सेवा किंवा मोडेम यांच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. प्रॉक्सी चालू असून केवळ समोरचे संकेतस्थळ सापडत नसते, तर आयटूपीनेच स्वतःचे त्रुटी-पान दाखवले असते. कन्सोल उघडतो म्हणजे प्रॉक्सीही चालू आहे, असे गृहीत धरता येत नाही, कारण प्रॉक्सी हा आयटूपीच्या राउटरवर चालणारा एक स्वतंत्र टनेल (वेगळी सुरू-बंद करता येणारी सेवा) असतो. कन्सोलमधील हिडन सर्व्हिसेस मॅनेजरमध्ये ‘आयटूपी एचटीटीपी प्रॉक्सी’समोरची खूण हिरवी आहे की लाल, ते पाहावे. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट (कोणते पोर्ट कोण वापरते ते दाखवणारी आज्ञा) चालवून ४४४४ कोणाकडे आहे ते दिवसा आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा तपासावे. फायरफॉक्समधील सॉक्सचा (प्रॉक्सीचा दुसरा प्रकार) रकाना रिकामा असल्याचीही खात्री करावी.

प्रश्नकर्ता
खूण लाल आहे. संध्याकाळी ४४४४ वर कोणीच नसते. दिवसा तिथे जावाची प्रक्रिया दिसते, म्हणून ती आयटूपीचीच असावी असे वाटते. सॉक्सचा रकाना रिकामाच आहे.

उत्तर २
आयटूपी जावावर चालते, पण इतरही प्रोग्रॅम जावावर चालतात, त्यामुळे नुसत्या नावावरून निष्कर्ष काढता येत नाही. टास्क मॅनेजरच्या तपशिलांत ‘कमांड लाइन’चा स्तंभ जोडून ती प्रक्रिया नेमकी कोणाची आहे ते पाहा. तुम्ही सॉफ्टवेअर चाचणीचे काम करत असाल तर माझा संशय सेलेनियम ग्रिडवर (ब्राउझरमधल्या चाचण्या आपोआप चालवणारे साधन) आहे, कारण त्याचेही ठरलेले पोर्ट ४४४४ हेच आहे आणि तुम्हाला दिसलेला मजकूर त्याच्या उत्तराशी जुळतो.

प्रश्नकर्ता
सेलेनियमच निघाले. लॅपटॉप सुरू होताच ते चालू होते आणि काम संपल्यावर मी ते बंद करतो.

उत्तर २
मग दोन्ही लक्षणांची संगती लागते. सेलेनियम आधी सुरू होऊन पोर्ट अडवते, आयटूपीचा टनेल तिथे उभा राहू शकत नाही आणि लाल होऊन थांबतो. दिवसा तुमच्या विनंतीला सेलेनियम उत्तर देते, आणि संध्याकाळी ते बंद झाल्यावर पोर्ट मोकळे होते, पण थांबलेला टनेल कोणी सुरू केलेला नसतो. आज तो मॅनेजरमधून हाताने सुरू केलात तर लगेच चालेल.

कायमच्या उपायासाठी मी सेलेनियमचे पोर्ट बदलेन, ते सुरू करतानाच्या आज्ञेत वेगळा क्रमांक देऊन. तुमच्या चाचण्यांमध्ये ४४४४ जिथे लिहिले असेल तिथे ते बदलावे लागेल, हे खरे. उलट आयटूपीचे पोर्ट बदलायचे ठरवले, तर केवळ फायरफॉक्समध्ये नवा क्रमांक टाकून भागत नाही: आयटूपीचे अ‍ॅड्रेस बुक (संकेतस्थळांच्या पत्त्यांची यादी) नवे पत्ते याच प्रॉक्सीमधून आणते, त्यामुळे त्याच्या मांडणीतही जुने पोर्ट बदलावे लागते. ते राहून गेले तर संकेतस्थळे उघडत राहतात, पण पत्त्यांची यादी अद्ययावत होत नाही, आणि हे सहसा फार उशिरा लक्षात येते.