नुकतीच घेतलेली नाणी: काय घेतलं, कसं तपासलं

गेल्या दोन-तीन महिन्यांत संग्रहात आलेल्या नाण्यांबद्दल इथे लिहावं (प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं ठिकाण आहे). वजन ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत द्या, व्यास द्या, कड कशी आहे ते सांगा आणि कोणत्या तपासणीनंतर नाणं खरं ठरवलं तेही लिहा. नुसतं ‘दुर्मीळ नाणं मिळालं’ एवढ्यावर कुणालाच काही शिकता येत नाही. सरसकट भाव लिहिण्यापेक्षा चांदीच्या नाण्याचा भाव धातूच्या किमतीच्या किती पट पडला ते सांगितलंत, तर वर्षभरानंतर वाचणाऱ्यालाही उपयोग होईल.

पुणे

जुन्या बाजारातून शिवराई नाण्यांचा (मराठा काळातली तांब्याची नाणी) लॉट, एकूण चौदा. त्यातल्या अकरा दुदांडी: ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा. वजनं 8.40 ते 9.60 ग्रॅम. दोन जड आहेत, 11.90 आणि 12.20 ग्रॅम, अक्षर ठसठशीत, भोवती बिंदूंचं वर्तुळ. उरलेली एक बनावट निघाली.

विकणारा प्रत्येक शिवराई ‘महाराजांच्या काळातली’ म्हणूनच देतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ हा मजकूर नंतरच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही तसाच चालू राहिला, त्यामुळे नुसत्या मजकुरावरून काळ ठरत नाही. वजन, अक्षराचं वळण आणि बिंदूंची मांडणी अशी तिन्ही जुळली तरच जुना काळ धरावा. जड असली म्हणजे 1674 ची, असं म्हणू नये. ‘शिव’ऐवजी ‘सिव’, ‘छत्र’ऐवजी ‘छेत्र’ अशी रूपंही सापडतात. ठसा खोदणारे हात वेगवेगळे होते, त्यामुळे ती चूक समजून नाणं बाजूला टाकू नका.

बनावट कशी ओळखली? लॉटमधल्या दोन शिवराई नाण्यांवर मजकूर एकाच बाजूला सरकलेला होता आणि काठावरचा खड्डाही अगदी त्याच जागी होता. हाताने ठोकलेल्या दोन नाण्यांत असं होणं अशक्य. एक अस्सल, आणि तिच्यावरून साचा घेऊन ओतलेली दुसरी. ओतलेलीच्या पृष्ठभागावर दहापट भिंगाखाली सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलसर असतात.

ठाणे

1862 चे चार रुपये, 1911 चा एक आणि जॉर्ज सहाव्याचे 1944-45 चे सहा.

1862 हे साल नाण्यावर 1874 पर्यंत तसंच ठेवलं होतं. मुंबईच्या टांकसाळीने त्या काळात सालाच्या आसपास ठिपके वाढवले, म्हणून भिंगाखाली सालाच्या वर आणि खाली ठिपके मोजा. झिजलेल्या नाण्यात ते आधी पुसले जातात. ठिपके स्पष्ट मोजता येत नसतील तर ठिपक्यांचा जादा भाव देऊ नये.

1911 चा तो ‘डुक्कर रुपया’. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड दिसली, लोकांना तो डुकरासारखा वाटला आणि 1912 मध्ये ठसा बदलला. 1911 सालचा प्रत्येक रुपया याच ठशाचा आहे, त्यामुळे ‘खास व्हरायटी’ म्हणून वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. नक्षी मात्र पाहा: सर्वांत आधी झिजतो तो हत्तीच.

चांदीचं गणित सोपं आहे. 1835 ते 1939 चा रुपया 11.66 ग्रॅम, 0.917 चांदी, म्हणजे शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. 1940 ते 1945 चा रुपया वजनाने तेवढाच, पण चांदी वजनाच्या निम्मी, 5.83 ग्रॅम. 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, चुंबकाला चिकटतो. 1944-45 चे रुपये 1940 पूर्वीच्या रुपयांच्या भावात घेणारे दर महिन्याला भेटतात, म्हणून हे पुन्हा लिहिलं.

कोल्हापूर

ठाण्याहून लिहिणाऱ्यांना प्रश्न: वजन 11.62 आलं, चुंबक चिकटत नाही, तरी आवाज बद्द येतो. नाणं म्हणजे ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ असं लिहिलेला रुपया. परत करावं का?

ठाणे

आवाजावर जाऊ नका. कडेला बारीक चीर असली तरी अस्सल रुपया बद्द वाजतो. पाण्यातलं वजन घ्या.

0.01 ग्रॅम दाखवणारा काटा लागेल. त्यावर अर्धा पेला पाणी ठेवून शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. 0.917 चांदीला उत्तर साधारण 10.3 येतं, म्हणजे तुमच्या नाण्याला काट्यावर 1.12 ते 1.13 दिसायला हवं. तांबं किंवा जर्मन सिल्व्हर (चांदी नसलेला पांढरा मिश्रधातू) यावर मुलामा असेल तर 1.30 च्या आसपास दिसेल. 1940 ते 45 च्या रुपयाला उत्तर 9.5 च्या जवळ येतं, ते पाहून घाबरू नका.

चुकतं ते बुडबुड्यांमुळे. नक्षीच्या खोलगट जागेत हवा अडकली की आकडा वाढतो आणि खरं नाणं खोटं ठरतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाणं एकदा हलवून घ्या, तीनदा मोजून सरासरी धरा. वजन जुळवून केलेलं बनावट नाणं जाडीत पकडलं जातं, म्हणून व्हर्नियरने व्यास आणि जाडी दोन्ही घ्या. व्यास 30.5 मिलिमीटरच्या आसपास हवा.

1939 चा रुपया कुणी दाखवला तर मात्र ही सगळी तपासणी पुरेशी नाही. 1938 चा शेवटचा 8 कोरून 9 करतात. धातू खरा, वजन खरं, फक्त आकडा खोटा. भिंगाखाली 9 च्या पोटात आणि भोवतीच्या मोकळ्या जागेत ओरखडे शोधा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

नाशिक

अंकुशी रुपया, 11.20 ग्रॅम. पेशवाईतला असला तरी मजकूर फारसीत आणि नाव मुघल बादशहाचं, त्यामुळे नवे लोक तो मुघल म्हणून विकतात किंवा घेतात. अंकुशाची खूण शोधा. नाण्याचा तुकडा ठशापेक्षा लहान असल्याने पूर्ण मजकूर कधीच येत नाही. कुठला भाग आलाय यावरच भाव ठरतो. अंकुश आणि टांकसाळीच्या नावातली दोन-तीन अक्षरं असलेलं झिजलेलं नाणं, फक्त बादशहाचं नाव असलेल्या चकचकीत नाण्यापेक्षा माझ्या मते मोलाचं. सराफी ठोशांना (सराफांनी पारखताना मारलेल्या खुणांना) घाबरू नये, पण ठोसा खुणेवरच बसला असेल तर भाव उतरवून मागावा.

एक कळकळीची विनंती. चिंच, लिंबू, रांगोळी, पितळ घासायची पेस्ट यांपैकी काहीही नाण्याला लावू नका. गेलेला पॅटिना, म्हणजे धातूवर काळानुसार चढलेला थर, परत येत नाही. मातीसाठी डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस, पाणी रोज बदलून. तेलकट थर किंवा प्लॅस्टिकचा हिरवा चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. पुसायचं नाही, टिपायचं.

तांब्यावर पावसाळ्यात फिकट हिरवी पावडर आली, ब्रशने काढली आणि आठवड्यात पुन्हा आली, तर तो पॅटिना नव्हे, क्लोराइडचा रोग आहे. नाणं लगेच वेगळं करा. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा समप्रमाणात, दोन्ही मिळून 50 ग्रॅम, एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात. त्यात नाणं बुडवून दर आठवड्याला द्रावण बदलायचं. काही आठवडे जातात. शेवटी साध्या डिस्टिल्ड पाण्याचे तीन-चार हात, अ‍ॅसिटोनची एक बुडी, आणि पूर्ण सुकल्यावर सिलिका जेलसोबत हवाबंद डबा. रंग थोडा बदलतो. नाणं वाचतं.

मडगाव

1881 चा पोर्तुगालच्या राजा लुईस पहिल्याचा रुपिया, 11.60 ग्रॅम. गोव्याचा हा रुपिया ब्रिटिश रुपयाच्याच मापाचा, 11.66 ग्रॅम आणि 0.917 चांदी, त्यामुळे वरची पाण्यातली कसोटी जशीच्या तशी लागू पडते. इथे घराघरांत नाण्यांना कडी जोडून पदकं केली जात. कडी काढून तिच्या जोडाची खूण घासून बुजवलेलं नाणं बरंच येतं: बारा वाजण्याच्या जागी कडेचे दाते तपासा, तिथे ते सपाट किंवा नव्याने कोरलेले दिसतील.

गोव्याची 1958-59 ची सेंटाव्हो-एस्कुदो मालिका (100 सेंटाव्हो म्हणजे एक एस्कुदो) स्वस्तात पूर्ण होते. सहा एस्कुदो म्हणजे एक रुपिया हे लक्षात ठेवलं की 10, 30, 60 सेंटाव्हो आणि 1, 3, 6 एस्कुदो अशी विचित्र वाटणारी विभागणी उलगडते.

न्यू जर्सी

इकडच्या लिलावांत ब्रिटिश इंडिया भरपूर येतं. ग्रेड करून (दर्जा ठरवून) डबीत बंद केलेलं नाणं घेताना डबीवरचा क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या स्थळावर टाकून तिथला फोटो समोरच्या नाण्याशी ताडून पाहा. डब्याही खोट्या बनतात. ‘क्लीन्ड’ असा शेरा असेल तर ग्रेडचा आकडा मिळत नाही, आणि भावही तसाच हवा.

सुट्टीला भारतात आलेल्यांसाठी: 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. आजीने दिलेला व्हिक्टोरियाचा रुपयाही त्यात आला. दरवर्षी आणखी एक साल त्या यादीत जातं.

पुणे

कायद्याचं निघालं म्हणून. ‘शेतात हंडा सापडला’ असं सांगून कुणी शिवराई नाणी किंवा सोन्याचे होन दाखवले तर हात लावू नका. 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलेलं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि होन तर बहुतेक वेळा खोटाच असतो.

कमळाचे 20 पैसे आणि वैष्णोदेवीची नाणी लाखांना घेणाऱ्या जाहिरातींबद्दल: ती नाणी भरपूर आहेत, कमळाच्या 20 पैशांत सोनं नाही. विकायच्या आधी ‘कर’ किंवा ‘कमिशन’ मागितलं की समजावं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट सांगितलंय की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती असं शुल्क घेत नाही.

कोल्हापूर

पाण्यात तीनदा मोजलं: 1.13, 1.12, 1.13. कडेला एक वाजण्याच्या जागी केसाएवढी चीर सापडली. नाणं ठेवतोय.