ट्रेलच्या आधी पैसे कशात घालायचे : विंचमध्ये की बेअरिंगमध्ये?

काजूबोंडू

चवथ आटोपली, पाऊस ओसरायला लागला आणि आमच्या कंपूत वाद पेटला. दसऱ्याला गाड्या पुजायच्या आणि पुढच्या रविवारी वाळपईच्या वरच्या अंगाला, मित्राच्या काजूबागायतीतून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चढायचं असा बेत आहे. जमीन त्याच्या घरची, रस्ता त्यांच्या ट्रॅक्टरचा. वाटेत एक ओहोळ, मग लाल मातीची निसरडी चढण आणि शेवटी जांभ्याच्या उघड्या पायऱ्या. गाड्या चार : दोन जिप्सी, एक जुनी महिंद्राची एमएम ५४० जीप आणि एक नवी थार. थार सोडून बाकीच्या तिन्ही सध्या फोंड्याला एकाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाकं काढून उभ्या आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. ट्रेल तोंडावर आली असताना अपग्रेडच्या मागे लागणं हा शुद्ध येडेपणा आहे. आधी गाडी धड करा, कंपनीतून निघाली तशी, मग नटवा. मित्रांची यादी अशी : दोन इंची लिफ्ट (गाडी तेवढी उंच करणं), ३१ इंची मड टायर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं मोटरवरचं रीळ), टपावर लाइटबार. आणि गाडीची अवस्था? परवा एका जिप्सीचं पुढचं चाक जॅकवर घेतलं, वर आणि खाली धरून हलवलं, तर टकटक आवाज. एकाला आत बसवून ब्रेक दाबायला लावला. ब्रेक दाबल्यावर चाकातला खेळ थांबला असता तर बेअरिंगवर निभावलं असतं. थांबला नाही, म्हणजे किंगपिन, पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ. मालक म्हणतो, "ते नंतर बघू, आधी टायरची ऑर्डर देतो."

आता टायरचा हिशेब बघा. जिप्सीचा मूळ २०५/७० आर १५ टायर साधारण ६६८ मिमी उंच. ३१ इंची म्हणजे ७८७ मिमी. चाक १८ टक्के मोठं, पण इंजिन तेच, गिअर तेच, ब्रेकही तेच. काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी ५९ ने धावत असते, आणि चढणीवर फर्स्टलासुद्धा धाप लागते. लिफ्टचं तर विचारूच नका. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, उंच केले की बॉडी वर जाते, डिफचा (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा आहे तिथेच लोंबतो. दगड आधी त्यालाच लागतो. अॅक्सलखालची उंची वाढते ती फक्त टायरने, आणि तीही फरकाच्या निम्मी.

कुळ्याहून दूधसागरला पर्यटक नेणाऱ्या जीपा बघा. ना विंच, ना लिफ्ट. पावसाळ्यानंतर वाट उघडली की हंगामभर रोज पाण्यातून ये-जा करतात. कशाच्या जोरावर? नीट ठेवलेल्या पाट्यांच्या आणि ग्रीसच्या. कोणाचं वेगळं मत असेल तर बोला.

विंचू

ज्या जिप्सीची किंगपिन तू चव्हाट्यावर मांडलीस ती माझी. मांडलीस ते बरं केलंस, आता ऐक.

कुळ्याचं उदाहरण देऊन तूच तुझा मुद्दा आडवा केलास. तिथे चालक तोच, रस्ता तोच, कुठल्या दगडाला कुठलं चाक द्यायचं ते पाठ. एक अडकली की मागची ओढते, कारण मागे रांगच असते. खाजगी गाडीला तिथे सोडतही नाहीत. आपल्या मागून कोण येणार? मित्राचा ट्रॅक्टर? तो रविवारी कोणाच्या तरी शेतात असतो.

आणि "कंपनीतून निघाली तशी" म्हणजे काय रे? जिप्सी कंपनीतून निघाली तेव्हासुद्धा तिला डिफ-लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ, नव्हता. जांभ्याच्या पायरीवर एक चाक अधांतरी गेलं की सगळी ताकद त्याच चाकात, आणि जमिनीवरचं चाक मख्खासारखं उभं. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) टाकलंस तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत फिरत बसतं. फोर्सच्या गुरखा गाडीला पुढे आणि मागे दोन्ही लॉक कंपनीच देते. त्यांना काय पैसे जड झालेत म्हणून? ज्या कामासाठी गाडी मुळात अपुरी आहे ते काम बेअरिंग बदलून होणार नाही.

विंचला नटणं म्हणतोस ते तर मला अजिबात मान्य नाही. लाइटबार नटणं आहे, घे, तो मी सोडला. विंच म्हणजे घरी परत येण्याची सोय.

ग्रीसगन

मी मेस्त, गाड्या दुरुस्त करणारा. दोघांच्याही गाड्या माझ्या हाताखालून गेल्यात, कोणाच्या ते ओळखा पाहू.

विंचू बाब, तुम्ही जो ९५०० पौंडाचा विंच बघून ठेवलाय तो कशाला? ९५०० पौंड म्हणजे ४३०० किलो. तुमची जिप्सी माणसं आणि सामान भरून दीड टनाच्या थोडी वर जाते. भरलेल्या वजनाच्या दीडपट ओढणारा विंच पुरतो, म्हणजे सहा हजार पौंडाचा. मोठा घेतलात की ३५-४० किलो लोखंड नाकावर बसतं, वर त्याला जाड बंपर. पुढचे पाटे आधीच सपाट झालेत, त्यात हे. वायरऐवजी सिंथेटिक दोर घ्या, वजन वाचतं आणि तुटला तरी वायरसारखा झेपावत नाही. आणि डब्यावर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थराची असते. दोर जेवढा गुंडाळलेला राहील तेवढी ती कमी होते, हे दुकानदार सांगत नाही. बॅटरीचं बोलतच नाही. भर ओढताना शेकड्यांनी अँपिअर खातो तो, तेव्हा इंजिन चालू ठेवा.

दुसरं. विंच अडकवणार कशाला? सड्यावर झाड असतं का? उघडा कातळ. तिथे शेवटी दुसरीच गाडी उभी करून तिला दोर लावायचा, मग साधा चांगला दोर आणि दोन शॅकल (दोर अडकवायची कडी) चालले नसते? आणि खाली बागायतीत मित्राच्या आईने लावलेल्या काजूला वायर गुंडाळलीत तर साल कापत जाते. रुंद पट्टा लागतो, तो यादीत नाही.

आता काजूबोंडू बाबांचं. किंगपिन, पाटे, ग्रीस, सगळं बरोबर. पण ब्रीदरचं, म्हणजे डिफच्या हवा आत-बाहेर करणाऱ्या छिद्राचं, एका अक्षराने बोलला नाहीत. गाडी दोन तास चढून आली की डिफ तापलेला असतो. तो थंड ओहोळात बुडाला की आतली हवा आकसते. वरची ब्रीदरची टोपी चिखलाने बसली असेल तर आत ओढायला जागा एकच : ऑइल सीलची फट. मग पाणी आत. तुम्ही आठवड्याने माझ्याकडे आणता, मी प्लग खोलतो आणि आतून दुधाळ चहा येतो. ब्रीदरला एक रबरी नळी लावून बोनेटपर्यंत वर नेली की काम झालं. जीपवाले स्नॉर्केलसाठी (इंजिनाला वरून हवा देणाऱ्या नळकांड्यासाठी) खर्च करतात आणि ही नळी कोणी लावत नाही. स्नॉर्केल फक्त इंजिनाचा श्वास वाचवतो. डिफ, गिअरबॉक्स, अल्टरनेटर यांचं त्याला काही पडलेलं नाही.

ही नळी दुरुस्ती की अपग्रेड? भांडा आता.

थारवाली

चौथी गाडी माझी. कंपनीची नवी म्हणून या वादात मला कोणी विचारलंच नाही, पण मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात.

थारला पाण्याची मर्यादा ६५० मिमी दिलेली आहे. म्हणून मी काठी घेऊन ओहोळात आधी चालत जाते. आपले वीर "गेली तर गेली" म्हणत घुसतात. काठी फुकट मिळते.

आणि सगळ्यात स्वस्त अपग्रेड यादीतच नाही : हवा. चिखलात शिरताना टायरची हवा १८-२० पीएसआयवर आणली की त्याच टायरची पकड कितीतरी वाढते. त्यासाठी एक प्रेशर गेज आणि परत डांबरावर येताना भरायला छोटा कॉम्प्रेसर पुरतो. विंचूने ३१ इंची टायर आणून ३२ पीएसआयवरच पळवायचे असतील तर मेहनत वाया. काजूबोंडू, तुझ्या "आधी गाडी धड करा"मध्ये चेसिसला बोल्ट केलेले ओढायचे हूक येतात का? मूळ जिप्सीला जे कडं आहे ते गाडी बांधून नेण्यापुरतं. झटका देऊन बाहेर काढण्यासाठी नाही.

कागदीघोडा

सगळ्यांनी यंत्राचं बोललात, कागदाचं कोणी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं : मालकाने बेकायदा फेरफार केला तर प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. समोरचे लोखंडी बुलबार तर केंद्राने डिसेंबर २०१७ पासूनच बेकायदा ठरवलेत. विंचूच्या जाड बंपरचं काय ते तुम्हीच ठरवा. गाडी वाळपईपर्यंत सार्वजनिक रस्त्यावरूनच जाणार आहे, आणि अपघात झाला तर विमावाला आधी हेच फोटो काढतो.

विंचू

@कागदीघोडा, मग बाजारात उघड्यावर विकतात ते?

कागदीघोडा

विकणारा उघड्यावर विकतो म्हणून घालणाऱ्याला दंड होत नाही, असं थोडंच आहे.

दवबिंदू

तुमच्या किंगपिनमध्ये मला काही कळत नाही. सड्यावरचं कळतं. पाऊस सरल्यावर त्या कातळावर बोटभर माती असते आणि तिच्यात दवबिंदू, सीतेची आसवं अशा कीटक खाणाऱ्या वनस्पती उगवलेल्या असतात. तुम्ही निवडलेला रविवार नेमका त्यांच्या शेवटच्या दिवसांतला. मड टायर एकदा फिरला की ती माती कडेला जाते आणि खाली नुसता जांभा उरतो. जमीन मित्राची असली तरी हे तुमच्या मालकीचं खेळणं नव्हे. आणि म्हादई अभयारण्य तिथून लांब नाही. १९९९ पासून तो भाग अभयारण्य आहे, आत परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. हद्द कुठे आहे ते कोणी नकाशावर पाहिलंय का?

काजूबोंडू

@दवबिंदू, हद्द पाहिलीय. मित्राच्या वडिलांनी तलाठ्याकडचा नकाशा काढून ठेवलाय, आपली वाट तिच्या बऱ्याच अलीकडे संपते. सड्यावर गाड्या ट्रॅक्टरच्या चाकोरीतूनच जातील, कडेला एकही चाक नाही. फोटोसाठी कोणी कातळावर गाडी फिरवली तर त्याला पुढच्या वेळी बोलावणार नाही. दोन आठवडे उशिरा जायलाही मी तयार आहे. बाकीच्यांचं माहीत नाही, त्यांनी सुट्ट्या टाकल्यात.

@ग्रीसगन, ब्रीदरची नळी दुरुस्तीत धरा. उद्या तिन्ही गाड्यांना लावा.

@विंचू, कुळ्याबद्दल तू म्हणतोस ते अर्धं बरोबर. मागून ओढणारा असतो, पण स्टिअरिंग हातात राहतं ते तो ओढतो म्हणून नव्हे. तुझ्या किंगपिनवर १८ टक्के मोठं चाक लावून पायरीवरून खाली आपटलास तर विंच काय करेल? चाक वाकडं झालेली गाडी पुढे ओढता येत नाही, ट्रकवर टाकून आणावी लागते. डिफ-लॉकचं मला पटतं. पण तो आज मागवून दसऱ्यापर्यंत बसवून, रस्त्यावर तपासून होणार नाही. नवं बसवलेलं काहीही पहिल्यांदा डोंगरात तपासायचं नसतं, ते आधी बोरीच्या पुलापर्यंत तरी नेऊन आणावं.

विंचू

किंगपिन बदलतो, त्यावर माझा वाद नव्हताच. टायर पुढच्या वर्षी. पण विंच मी घेतोय, सहा हजार पौंडाचा, सिंथेटिक दोराचा, आणि त्यावर चर्चा बंद. मेस्तांचं ऐकून रुंद पट्टाही घेतो. बंपर मूळचाच ठेवतो, खालून चेसिसला पट्टी बोल्ट करून बसतो का ते बघू.

एक अट मात्र माझी. एमएम ५४० च्या पुढे जे कडं वेल्ड करून ठेवलंय त्याला मी माझा दोर लावणार नाही. सुटलं तर ते कडं काच फोडून आत येईल. ते वेल्डिंग कोणी केलंय?

ग्रीसगन

माझ्याकडे बघू नका. मी असतो तर आधी रंग खरवडला असता.