पंचाचं समन्स आलंय, काय करू?

सी-७०३: नमस्कार. २०२१ ला आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधून ए-१०१ च्या काकांची स्कूटर गेली होती, आठवतंय? ती जप्त करताना पोलिसांनी मला पंच, म्हणजे जप्तीचा साक्षीदार, म्हणून नेलं होतं. आज हवालदार समन्स देऊन गेले, गुरुवारी ११ ला कोर्टात हजर. मला तर कशावर सही केली तेही धड आठवत नाही. कुणाला अनुभव आहे का?

ए-१०१: अरे वा, केस जिवंत आहे म्हणजे! मला वाटलं कधीच निकालात निघाली.

ए-५०५: घाबरतोस काय? सरकारी वकील सांगतील तसं बोलायचं. त्यांचं काम आरोपीला आत टाकणं, आपलं काम ‘हो साहेब’ म्हणणं. 😄

सेक्रेटरी: उद्या टँकर सकाळी ६ ला येणार आहे. बी विंगने गाड्या हलवाव्यात.

बी-४०२ (काकू): ५०५, मी एकवीस वर्षं एपीपी, म्हणजे सहायक सरकारी वकील, होते. माझ्या निम्म्या केसेस या ‘हो साहेब’वाल्यांनीच बुडवल्या. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना, मान डोलावतात आणि उलटतपासात आरोपीच्या वकिलाने ‘सही कुठे बसून केलीत?’ एवढं विचारलं की घाम फुटतो. सही पोलीस स्टेशनच्या बाकावर झालेली असते ना!

सी-७०३: काकू, माझी तिथेच झाली होती 😬 म्हणजे गोडाऊनला गेलो होतो आम्ही, स्कूटर बघितली मी. पण पाऊस होता म्हणून कागद चौकीत येऊन लिहिले.

बी-४०२ (काकू): मग असंच सांगायचं, पावसासकट. लपवलंस तर गोडाऊनला गेलास यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता नीट वाच. गुरुवारी साडेदहालाच जा आणि एपीपींना भेट. पंचनामा वाचायला माग. त्यावर तुझी सही आहे, वाचून आठवण ताजी करायला कायद्याची हरकत नाही. पाठ करू नकोस. मुद्देमालाला, म्हणजे जप्त केलेल्या वस्तूला, जी चिठ्ठी बांधलेली असते, तिच्यावर दोन्ही पंचांच्या सह्या असतात. ती दाखवतील तेव्हा घाई न करता बघ. माझी सवय होती, साक्षीच्या आदल्या दिवशीच कोर्टात मुद्देमाल सांभाळणाऱ्या नाझरकडून तो काढून चिठ्ठ्या तपासायच्या. एकदा चाकूच्या पाकिटात स्क्रूड्रायव्हर निघाला होता. कोर्टात पाकीट फोडल्यावर निघाला असता तर मी गेलेच होते.

आणि कुणी हळूच ‘आरोपी म्हणजे तो निळ्या शर्टवाला’ असं सांगायला लागलं तर ऐकू नकोस. ओळखलास तर ओळखलास, नाही तर नाही.

ए-५०५: काकू, अशाने सगळे सुटतील. सरकारी वकील आपल्या बाजूचा की त्यांच्या?

बी-४०२ (काकू): कोर्टाच्या. हे माझं नाही, सुप्रीम कोर्टाचं मत आहे. १९९९ चा शिवकुमार विरुद्ध हुकमचंद निकाल बघा. कसंही करून शिक्षा लागलीच पाहिजे अशी तहान सरकारी वकिलाला नसावी, असं त्यात स्पष्ट आहे. आरोपीच्या फायद्याची गोष्ट हाती लागली तर तीही कोर्टापुढे ठेवायची.

मी ठेवलीये. मारामारीची केस होती. फाइलच्या तळाशी दवाखान्याचा कागद सापडला. घटनेच्या वेळी आरोपी दहा किलोमीटरवर सरकारी दवाखान्यात टाके घालून घेत होता. तपास अधिकाऱ्याने तो कागद दोषारोपपत्राला जोडलाच नव्हता. मी कोर्टात दिला, पोरगा सुटला. तो अधिकारी पुढे महिनाभर माझ्याशी बोलला नाही. बोलला नाही तर नाही. १९९५ मध्ये शहाणे केसमध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्याच राज्याला सांगितलं होतं की सरकारी वकील पोलीस खात्याच्या हाताखाली ठेवू नका. ते कशासाठी?

बी-२०१: आणि उलटं झालं तर? सरकारी वकीलच आरोपीला सांभाळून घेत असेल तर?

बी-४०२ (काकू): होतं ना. गुजरात दंगलीतली बेस्ट बेकरी जळिताची केस आठवते? सरकारी वकील बचावाच्या वकिलासारखा वागला, असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सुनावलं आणि फेरखटला गुजरातबाहेर, मुंबईला चालवला. २००६ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. म्हणून पीडिताला मदतीसाठी स्वतःचा वकील देता येतो, ताई. पण सूत्रं सरकारी वकिलाच्याच हातात राहतात.

ए-५०५: कसाबच्या वेळी चाललं असतं का हे सौम्य प्रकरण? निकम साहेबांनी कसं ठणकावलं होतं, मटण बिर्याणी मागतोय म्हणून!

बी-४०२ (काकू): ती बिर्याणी त्याने मागितलीच नव्हती, हे निकमांनीच २०१५ ला जयपूरमध्ये सांगून टाकलं. त्याच्याविषयी लोक हळवे होतायत असं वाटलं म्हणून बोललो, म्हणाले. खटला त्यांनी ताकदीने चालवला, वादच नाही. पण फाशी लागली ती सीएसटीवरच्या फोटोंवर आणि साक्षीदारांवर, बिर्याणीवर नाही. मला विचाराल तर खटला चालू असताना सरकारी वकिलाने कॅमेऱ्यापुढे तोंडच उघडू नये. आणि त्याच कोर्टाने त्याच निकालात दोन सहआरोपींना सोडलं. ते वर सुप्रीम कोर्टापर्यंत टिकलं. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

ए-५०५: 🙏

सी-७०३: काकू, पंचनाम्याचा व्हिडिओ नसेल का? तो लावला की काम झालं.

बी-४०२ (काकू): झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं १ जुलै २०२४ पासून, नव्या कायद्याने. तुझी जप्ती २०२१ ची, त्यामुळे व्हिडिओ तूच.

*गुरुवार, दुपारी ३:१०*

सी-७०३: झाली साक्ष. साडेअकरापासून बसलो, नंबर दोनला लागला. एपीपी मॅडमच्या टेबलावर हा एवढा गठ्ठा, तरी मला दहा मिनिटं दिली. चिठ्ठीवरची सही माझीच होती. पावसाचं सांगितलं. आरोपीला ओळखता का विचारलं, मी म्हटलं खात्रीने नाही सांगू शकत.

बी-४०२ (काकू): मग? चिडल्या?

सी-७०३: नाही हो. ‘ठीक आहे’ म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न घेतला. बाहेर पडताना साक्षीदार भत्त्याचा अर्ज कुठे मिळतो तेही सांगितलं.

बी-४०२ (काकू): चांगली पोरगी दिसतेय.

ए-१०१: आता पुढच्या तारखेला माझा नंबर म्हणे. मी काय सांगणार? सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाला बाँड लिहून देऊन, स्कूटर परत मिळाली तेव्हाच बॅटरी गेलेली होती, गेल्या वर्षी भंगारवाल्याला देऊन मोकळा झालो.

बी-४०२ (काकू): भंगारात?? अहो भाऊ, केस संपेपर्यंत विकायची नाही आणि कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची, असं बाँडवर लिहिलेलं असतं!

ए-१०१: *हा मेसेज डिलीट केला आहे*

सी-७०३: काकू, त्यांनी कोर्टात काय सांगायचं मग?

बी-४०२ (काकू): भंगारात दिली म्हणून. आणि भाऊ, त्याआधी उद्या संध्याकाळी बाँडची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे या.