पोट्ट्यांच्या खोलीतला पसारा: तुमच्या घरी काय हाल?

नवीन स्लॅब टाकला तेव्हा हौसेनं पोरांना वेगळी खोली काढली. दहा बाय दहा. थोरला नववीत, धाकटी पाचवीत. आता तिथं पाय ठेवायला जागा नाही. काल पलंगाखालून डबा निघाला, शुक्रवारचा. आत वांग्याची भाजी होती, म्हणजे असावी. तिला पांढरी लव फुटली होती.

थोरल्यावर ओरडले, "खोली तुही आहे ना, मंग आवरत काहून नाही?" मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "माही आहे तं अर्ध्या खोलीत कापूस काहून भरला?"

बोलतीच बंद झाली माझी. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल, आणि व्यापारी दारात येऊन त्याच्या बराच खाली मागतो. म्हणून दिवाळीपासून कापूस त्यांच्याच खोलीत छताला टेकला आहे. रात्री दोघंही अंग खाजवत झोपतात, तेही कळतं मला. पण डब्याचं काय? तो तर कापसानं नाही ठेवला!

तुमच्याकडचं सांगा. उपदेश नको, घडलेलं सांगा.
– पांढरकवड्याकडची एक आई

ताई, डब्यावर निभावलं म्हणा. माझ्या पोरानं पलंगाखाली मांजरीची तीन पिल्लं ठेवली होती, आठ दिवस. दूध कुठं जाते, हे सासूबाई मलाच विचारून राहिल्या होत्या.
– दर्यापूर

मी बाप. आमच्याकडं विषय विंचवावर आला. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि पोरीच्या खुर्चीवर तो धुतलेल्या-न धुतलेल्या कपड्यांचा कायमचा डोंगर असतो ना, त्यात निघाला. ओढणी उचलली तर टपकन फरशीवर. चपलेनं मारला. मला वाटलं, चला, आता तरी सुधारेल. तेव्हापासून ती घडी करत नाही, झटकते. रोज सकाळी खोलीतून फटाक फटाक आवाज येतो आणि झटकलेलं सगळं परत त्याच खुर्चीवर. मी म्हणतो, जाऊ दे बाप्पा, तेवढं तरी होते.
– वरुडजवळून

तान्ह्या पोळ्याचे तीन वर्षांचे तीन लाकडी बैल. एकाचं चाक गेलं, एकाचं शिंग. बैल पलंगावर झोपतात, पोरगा खाली. फेकू म्हटलं की रडून गाव गोळा करतो.
– आर्वी

आजी सांगते, मी लिहितो. आजी म्हणते, आमच्या वेळी पाच भावंडांत एक खुंटी होती, पसारा करायला वस्तूच नव्हत्या. (हे मी, नातू. आजीच्या लोखंडी पेटीत कापडाच्या दुकानाच्या पिशव्या आहेत, चौकोनी घड्या घालून. शंभरानंतर मी मोजणं सोडलं. ती पेटी माझ्या खोलीत आहे.) आजी विचारते, काय लिहिलं? सांगितलं, खुंटीचं लिहिलं.
– अर्जुनी मोरगाव

उन्हाळ्यात पसारा कोणाचा हे ठरवायचं कसं? कूलर एकच, तो पोरांच्या खिडकीला. पारा ४४-४५ वर गेला की आम्ही सहाही जण तिथंच लोळतो. वरून विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे मुक्काम तेवढा लांबला. जूनमध्ये पोरांना म्हटलं, आपापलं उचला. त्यांनी ढीगच लावून दाखवले: बापाची खर्र्याची पन्नी, वीजबिलं, माझ्या सुया-लोकर, सासऱ्यांचा रेडिओ, चष्म्याची एक काडी. पोरांच्या ढिगात एक लुडो आणि एक बनियन.
– अकोट

पुन्हा मीच, पांढरकवडा. कापूस गेला परवा. भाव विचारू नका. गाडी भरल्यावर खोली झाडायला घेतली, तर भिंतीच्या कडेला, पार तळाशी, थोरल्याचं इतिहासाचं पुस्तक. दिवाळीनंतर हरवलं म्हणून दोन दिवस त्याला घालूनपाडून बोलले होते. नववीला पुस्तकं फुकट नसतात, दुसरं विकत आणलं. पानापानात सरकी अडकली आहे. सध्या ते माझ्या पिठाच्या डब्यामागं आहे. त्याला अजून सांगितलं नाही.