मदत हवी आहे: स्लोव्हाकियाच्या गाड्यांतला देशात उरणारा पैसा कसा मोजायचा?

एम.ए.च्या प्रकल्पासाठी स्लोव्हाकिया घेतलाय. लोकसंख्या जेमतेम 54 लाख, गाड्या वर्षाला सुमारे 10 लाख. दरडोई उत्पादनात जगात पहिला. ब्रातिस्लाव्हात फोक्सवॅगन, झिलिनाजवळ किया, त्रनावात स्टेलांटिस, नित्रात 2018पासून आपल्या टाटांची जग्वार लँड रोव्हर. मालक सगळे बाहेरचे, बरेच सुटे भागही बाहेरून. म्हणून नुसता निर्यातीचा आकडा नकोय, तो फुगलेला असतो. युरोस्टॅटवर (युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय) वाहनउद्योगाचं मूल्यवर्धन, म्हणजे विकत घेतलेल्या मालाची किंमत वजा जाता उरणारी भर, मिळालं, पण टायर, काच, पोलाद वेगळ्या क्षेत्रांत मोडतात. ओईसीडी या मुख्यतः प्रगत देशांच्या आर्थिक संघटनेचे मूल्यवर्धित व्यापाराचे तक्तेही (निर्यातीत कोणत्या देशाची किती भर, ते दाखवणारे) उघडून बसलोय. फक्त एक्सेल येतं, विकतचा डेटा परवडणार नाही. निर्यात किमतीतला स्लोव्हाकियातच राहणारा वाटा काढायला ओईसीडीच्या तक्त्यांतला नेमका कोणता निर्देशक घेऊ, आणि परदेशी मालकांकडे जाणारा नफा त्यातून कसा वजा करू?